पोरींना अक्कल शिकवा, गरिबीला हात लावू नका

तुमच्या कानावर आलंच असेल की गरीब वस्त्यांमधे सोळा-सतरा वर्षांच्या पोरी आई होतात आणि मग जन्मभर गरीबच राहतात. बरोब्बर. हा क्रम नीट पाठ करून ठेवा, आधी बाळ, मग गरिबी. एकदा का कोणी उलटं म्हणायला लागलं की मग शाळा लागते, दवाखाना लागतो, नोकऱ्या लागतात, बजेट लागतं, आणि तुम्ही तर फक्त दोन समजुतीचे शब्द सांगायला आला होतात ना.

सुरुवात "आजकालची पिढी" पासून करा, हे कधी फेल जात नाही. फक्त समोर कोणी आकडे पाठ असलेला बसला नाहीये ना तेवढं बघून घ्या. कारण अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या हजार मुलींमागे बाळंतपणांचा उच्चांक, ९६ च्या आसपास, झाला तो १९५७ साली, म्हणजे मोबाईल आणि इंटरनेट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा. १९९१ ला तो आकडा ६२ च्या घरात होता आणि २०२२ ला १४ च्याही खाली आला, म्हणजे जिला आपण बिघडलेली म्हणतो त्या पिढीनेच तो पाडला. १९५७ वाल्या बहुतेकींची लग्नं झालेली होती म्हणून तेव्हा त्याला कोणी प्रॉब्लेम म्हटलं नाही इतकंच. अख्ख्या जगाचं बघितलं तरी २००० साली हजारी साधारण ६५ होते ते २०२३ मधे ४१ वर आलेत. हे कुठे बोलू नका, माहोल जातो. आणि जे उरलंय ते नेमकं गरीब देशांत आणि श्रीमंत देशांतल्या गरीब वस्त्यांतच का उरलंय हे तर मुळीच नका विचारू. योगायोग म्हणा आणि पुढे चला.

मग बाहुली आणा. साधी नाही, इलेक्ट्रॉनिक, रात्री दोनला रडणारी, दूध मागणारी, डायपर बदलला नाही की आतल्या आत नोंद ठेवणारी. पोरगी दोन-तीन दिवस ती सांभाळणार, रडकुंडीला येणार आणि आयुष्यभराचा धडा घेणार, आयडिया एकदम झकास. पश्चिम ऑस्ट्रेलियात ५७ शाळांमधे १३ ते १५ वयाच्या मुलींवर याची व्यवस्थित ट्रायल झाली, काही शाळांना बाहुलीवाला कार्यक्रम, बाकीच्यांना नेहमीचाच अभ्यास, आणि मुली वीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. निकाल २०१६ मधे लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय मासिकात आला. बाहुलीवाल्यांपैकी ८ टक्के मुली आई झाल्या, बिनबाहुलीच्या ४ टक्के. गर्भपात ९ विरुद्ध ६. म्हणजे बाहुलीने काम केलं, फक्त उलट्या दिशेने. माझा आपला अंदाज असा की जिच्याकडे एरवी कोणी ढुंकून बघत नाही तिच्या हातात बाळ आल्यावर दोन दिवस का होईना सगळे तिची चौकशी करायला लागले असतील, आणि हे तिला आवडलं असेल. पण तुम्ही थांबू नका हां, बाहुल्या महाग असतात, घेतल्यात तर वसूल करा.

बाहुली परवडत नसेल तर पोस्टर. न्यूयॉर्कने २०१३ मधे लावली होती, रडवेलं बाळ आपल्या आईलाच सुनावतंय की तुला मी इतक्या लवकर झालो, आता माझी शाळा सुटायचे चान्सेस जास्त. लाज वाटवायला खर्च कमी येतो आणि फोटो पण चांगले येतात.

आता एक धोक्याची सूचना. तुम्ही तिला म्हणाल "थांब" आणि एखादी आगाऊ पोरगी विचारेल, "कशासाठी?" या प्रश्नाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. तुमची स्वतःची मुलगी थांबते कारण तिच्यापुढे कॉलेज, नोकरी, स्वतःचं घर अशी लाईन लागलेली असते आणि एका बाळाने ती सगळी विस्कटते, संस्कार वगैरे आपण नंतर चिकटवतो. हिच्यापुढे काय आहे, तर आई करते तेच काम, तेवढ्याच पैशात, बाळ अठराव्या वर्षी झालं काय आणि अठ्ठाविसाव्या वर्षी झालं काय. उलट अठराव्या वर्षी बाळाची आजी तरी धडधाकट असते. आर्लिन जेरोनिमस नावाच्या अमेरिकन आरोग्य-संशोधक बाई हे १९९२ पासून सांगतायत, की गरिबीत बायकांचं शरीर लवकर झिजतं त्यामुळे तिथे उशीर करणं हा पण तोट्याचा सौदा ठरू शकतो. (म्हणून लवकरचं बाळंतपण सोपं असतं असं नाही, १५ ते १९ च्या मुली जगभरात ज्या कारणांनी जास्त मरतात त्यातलं हे एक मोठं कारण आहे.) आणि सगळ्याजणी ठरवून आई होतात असंही नाही, कित्येकींना गर्भ रोखायची गोळी मिळतच नाही, दवाखाना लांब, तिथे गेलं तर ओळखीचं कोणीतरी बसलेलं.

अजून काही लोकांनी तर कहरच केलाय. लवकर आई झालेली मुलगी आणि तिचीच उशिरा आई झालेली सख्खी बहीण अशी तुलना केली, मग या वयात गरोदर राहिलेल्या पण गर्भ पडलेल्या मुलींशी तुलना केली, आणि दोन्हीकडे दिसलं की बाळाच्या नावावर आपण जे नुकसान खपवतो त्यातलं बरंचसं बाळाच्या आधीपासूनच घरात मुक्कामाला होतं. असले पेपर वाचू नका, झोप जाते.

बाळाचा बाप कोण, त्याचं वय काय, हेही विचारायचं नाही. केनियात शाळकरी मुलींना फक्त एवढंच सांगितलं की मोठ्या वयाच्या पुरुषांमधे एचआयव्हीचं प्रमाण जास्त असतं, तर मुलींची गरोदरपणं २८ टक्क्यांनी घटली. लग्नापर्यंत थांबा अशा नुसत्या संयमाच्या धड्यांनी तिथे काही फरक पडला नव्हता. तेव्हा तुम्ही संयमच शिकवा, सेफ आहे.

आणि चुकूनही पैसे देऊ नका. केनियातच फुकट युनिफॉर्म दिले तर शाळा सोडणाऱ्या आणि गरोदर राहणाऱ्या मुली दोन्ही कमी झाल्या, एका कापडाच्या जोडीने, काय इज्जत राहिली उपदेशाची. मलावीत मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडे पैसे दिले, शाळेत यायची अटसुद्धा नाही, तरी लग्नं आणि गरोदरपणं कमी झाली, आणि फरक पडला तो मुख्यतः शाळा सोडलेल्यांमधे, म्हणजे आपण ज्यांना वाया गेलेल्या धरतो त्यांच्यात. दोन वर्षांनी पैसे बंद केल्यावर हा फरक विरून गेला, तेवढाच भाग मीटिंगमधे सांगा, बघा पैसे देऊन काही होत नाही. टाळ्या पडतील.

चहा घ्या आणि निघा. जाताना बाहुलीच्या बॅटऱ्या तेवढ्या बदलून ठेवा, पुढच्या बॅचला लागतील.