पार्सल आत आले, काकू परत गेल्या

आज संक्रांतीच्या दिवशी, भर दुपारी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकू माझ्या इमारतीच्या फाटकावरून परत गेल्या आणि त्यांच्या हातातला गुळाच्या पोळ्यांचा डबा मात्र रीतसर आत आला. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडले, कारण प्रत्येक वेळी ते माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला तरी दोष देणारे होत होते.

झाले ते असे. गंगापूर रोडवर आम्ही राहतो त्या सोसायटीने दीड वर्षापूर्वी फाटकासाठी एक ॲप घेतले. कोणी आले की पहारेकरी त्याचा फोटो काढतो, तो आमच्या मोबाइलवर येतो आणि आपण ‘होय’ म्हटले तरच माणूस आत येतो. उत्तर आले नाही तर दोनदा विचारून त्याला परत पाठवायचे, असा कमिटीचा नियम आहे. पूर्वी घरोघरी इंटरकॉम होता, तो ॲप आल्यावर ‘आता कशाला’ म्हणून काढून टाकला. माझा मोबाइल त्या वेळी दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला होता आणि त्याचा आवाज मीच बंद केला होता, कारण पहाटेपासून ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’च्या चित्रांनी डोके उठवले होते. मी नंतर मोजली, एकशे सदतीस होती. जे एक माणूस खरोखरच तिळगूळ घेऊन, पंचवटीतून रिक्षा करून, गुडघे धरत धरत माझ्या दारापर्यंत आले, ते त्या एकशे सदतीस चित्रांच्या गलक्यात मला ऐकू आले नाही.

दीड वाजता मोबाइल हातात घेतला तेव्हा दोन सूचना दिसल्या. एकीत काकूंचा फोटो आणि खाली ‘प्रतिसाद नाही’. दुसरीत, ‘आपले एक पार्सल फाटकावर आले आहे’. फोटोत काकू कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. त्या मान वर करून इमारतीचे मजले मोजत असाव्यात, कारण एक बोट वर धरलेले आहे. अंगावर तपकिरी शाल आहे आणि कोपराला वायरची हिरवी पिशवी अडकवली आहे, जी त्यांनी स्वतः विणल्याचे मी लहानपणी पाहिले आहे. ‘पाहुण्याचा प्रकार’ या रकान्यात पहारेकऱ्याने ‘इतर’ निवडले आहे.

इतर! ज्या बाईच्या घरच्या फोनचा नंबर आमच्या ताईच्या लग्नपत्रिकेवर छापलेला होता, ती बाई माझ्या दारात ‘इतर’.

नवीन मित्रमंडळींसाठी सांगते, जुन्यांना हे पाठ असेल. आमचे लहानपण जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात गेले. अकरा बिऱ्हाडे होती आणि फोन एकच, काकूंकडे. काकांची रविवार कारंजावर घाऊक पेढी होती, त्या व्यापारापायी त्यांना तो मिळालेला होता. एरवी साध्या नोकरदाराने अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ होता. काळा, जड, आकड्यांची चकती फिरवायचा तो फोन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला असे आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असे. आमच्या पोस्टकार्डांवर, अर्जांवर, पत्रिकांवर तोच नंबर आणि पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे असत. त्या दोन अक्षरांचा अर्थ आमच्या लेखी एवढाच होता की काकू हाक मारतील.

आणि काकू हाक मारत. चौकात येऊन, वर माडीकडे तोंड करून, ज्याचा फोन असेल त्याच्या नावाने. दिवसभरात किती वेळा, याचा हिशेब कोणी ठेवला नाही आणि त्यांनी कधी ऐकवलाही नाही.

ऑगस्ट १९८६ मधली एक रात्र मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे. आज पुन्हा सांगणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावे. मी सातवीत होते. माझे वडील, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी होती. बाहेर पाऊस असा की पन्हाळीतून चौकात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बोलण्यावर चढत होता. साडेदहाच्या पुढे लाकडी जिन्यावर धावत चढणारी पावले वाजली आणि दारात काकू उभ्या राहिल्या. पायात चपला नाहीत, डोक्यावर पोत्याची खोळ, निऱ्या घोट्यापर्यंत चिखलाने भरलेल्या. ‘वहिनी, धुळ्याचा ट्रंक कॉल आहे, मीटर चालू आहे, पळा.’ तेवढेच बोलल्या. तीन मिनिटांचे पैसे लागत आणि ती तीन मिनिटे फोन उचलल्यापासून मोजली जात, म्हणून त्या छत्री शोधत बसल्या नव्हत्या. तरीही आईच्या वाट्याला त्यांतले दीडच मिनिट आले. पलीकडे आत्याचे यजमान होते. आजीने दुपारपासून अन्नपाणी सोडले होते आणि ती सारखी अण्णांचे नाव घेत होती.

आई खाली फोनवर असताना काकू आमच्याजवळ बसून राहिल्या. काय झाले ते त्यांना नक्की ठाऊक होते, पण आम्हाला त्यांनी ते सांगितले नाही. माझी विस्कटलेली वेणी त्यांनी सोडली आणि, रात्रीच्या अकरा वाजता, पुन्हा घट्ट घालून दिली. त्यांच्या हातांना लसणाचा वास येत होता.

आता हे सगळे वाचून ‘तुम्ही लोक उगाच जुन्याचे गोडवे गाता’ असे म्हणणारे येतील, त्यांच्यासाठी एक ओळ खर्च करते. होय, काकू फोनवरचे सगळे ऐकत असत. ताईच्या पहिल्या स्थळाचा नकार त्याच फोनवर आला आणि अण्णा कामावरून येईपर्यंत तो अकराही बिऱ्हाडांना कळलेला होता. ताई दोन दिवस चौकात उतरली नव्हती. खाजगीपणा नावाची वस्तू आम्हाला माहीत नव्हती, हे मान्य. झाले समाधान?

पण त्याच नकारानंतर ताईचे डोळे पुसायलाही काकूच वर आल्या होत्या.

त्या रात्री फोन ठेवला आणि काही वेळातच लाइन मेली. अण्णांना निरोप द्यायचा कसा? प्रेस आमच्या घरापासून आठ-नऊ किलोमीटर, त्या पावसात रिक्षा मिळणे अशक्य. काकांनी एक शब्दही न बोलता रेनकोट चढवला, स्कूटर तिरकी करून पाच-सहा किका मारल्या आणि द्वारकेवरून नाशिकरोड गाठले. बाहेरगावच्या मित्रांना सांगायला हवे की ही प्रेस म्हणजे साधा छापखाना नव्हे. १९२५ पासून इथे देशाची टपाल तिकिटे छापली जातात. पोस्टकार्डे, अंतर्देशीय पत्रे, मुद्रांक, पासपोर्ट असा सगळा सरकारी मौल्यवान कागद या गावात तयार होतो आणि शेजारच्या कारखान्यात नोटा छापतात. (आमच्याच गावात छापलेले अंतर्देशीय पत्र धुळ्याच्या पोस्टात विकले जाऊन, आत्याच्या हस्ताक्षरासह पुन्हा आमच्याच दारात येई, याचे लहानपणी मला फार अप्रूप वाटे.) त्या फाटकातून परक्या माणसाने आत जाण्याचा प्रश्नच नव्हता आणि काका परके होते. त्यांच्याकडे ना पास होता, ना चिठ्ठी. होता तो ओलाचिंब रेनकोट आणि अण्णांचे नाव.

तिथल्या पहारेकऱ्यानेही काकांना आत सोडले नाही. पण त्याने त्यांना स्टुलावर बसवले, अण्णांचे नाव आणि खाते विचारून घेतले आणि आत निरोप धाडला. वीस-पंचवीस मिनिटांनी अण्णा बाहेर आले. जिथे देशाच्या नोटा छापतात तिथे फाटक बंद ठेवूनही माणसाचा निरोप आत जाऊ शकत होता, आणि माझ्या इमारतीत? चार मजले, सोळा बिऱ्हाडे, छापायला नोट नाही की तिकीट नाही, आणि तिथे मात्र ‘प्रतिसाद नाही’ म्हटले की विषय संपला! एवढे काय जपतो आहोत आपण? दिवाणखान्यातला टीव्ही?

तावातावाने खाली गेले. पहारेकरी मुलगा सुरगाण्याकडचा आहे, वीस-एकवीसचा. आधी त्याच्यावर ओरडले, त्याची आता खंत वाटते. तो म्हणाला, ‘मॅडम, मी दोनदा टाकलं, तुम्ही घेतलं नाही. आजी म्हणाल्या मी जाऊन येते वर, पण मागच्या महिन्यात असंच एकाला सोडलं तर माझे पैसे कापले.’ मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘मी त्यांना खुर्ची दिली होती.’ यापुढे मी काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगमधून तीन सायकली गेल्या, त्यानंतर कमिटीच्या सभेत या ॲपच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. हेही लिहायलाच हवे, लिहिले.

आमच्या वाड्यालाही दरवाजा होताच. चांगला भक्कम, लोखंडी फुल्या ठोकलेला, आणि रात्री अकरानंतर त्यातले छोटे दार, म्हणजे दिंडीही बंद होत असे. फरक इतकाच होता की दिंडीवर थाप पडली की खालच्या बिऱ्हाडातले कोणीतरी उठे, ‘कोण?’ म्हणून विचारी आणि आलेला माणूस आपल्याकडचा नसला तरी त्याला ज्याच्याकडे जायचे त्याच्या जिन्यापर्यंत नेऊन सोडी. दार उघडायला ते घरचेच माणूस लागत नव्हते. आता मी, आणि केवळ मीच, माझे दार उघडू शकते, म्हणून मी ऐकले नाही की ते बंदच राहते.

पुराच्या दिवसांत तर काकूंच्या फोनला उसंत नसे. गंगेला पूर आला की (बाहेरच्यांनी गोदावरी म्हणावे, आम्ही गंगाच म्हणतो) मुंबई-पुण्याचे नातेवाईक काकूंकडे फोन करून एकच प्रश्न विचारत, ‘मारुतीला कुठपर्यंत लागलंय?’ नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, यावरून अवघे नाशिक पूर मोजत असे, आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी चढल्याच्या गोष्टी १९६९ चा पूर पाहिलेली माणसे आम्हाला सांगत. काकू समोरच्याला ‘थांबा हं, तासाभराने करा’ म्हणून फोन ठेवत आणि आम्हा पोरांपैकी एकाला घाटाकडे पिटाळत. पोरगे भिजून परत येई आणि सांगे, ‘छातीला!’ मग ती बातमी मुंबईला जाई. आता गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला ते घरबसल्या मिनिटामिनिटाला कळते. ते उत्तमच आहे, त्याने जीव वाचतात, त्यावर वाद नाही. पण ‘छातीला!’ हा शब्द ऐकताना अंगावर काटा येई, तो त्या आकड्याने येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

अण्णा पहाटेच्या पहिल्या एसटीने धुळ्याला गेले. आजीने त्यांच्या हातून दोन घोट पाणी घेतले आणि दुपारी ती गेली. अण्णा पुढे आयुष्यभर म्हणत असत की ते पाणी काकूंनी पोचवले. अण्णा गेले त्यालाही आता नऊ वर्षे झाली. त्या दिवशी मी सर्वांना मोबाइलवरच कळवले, एकाच संदेशात, आणि हात जोडलेली चित्रे भराभर येऊ लागली. काकू तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. त्यांना कोणी कळवले ते मला आजतागायत ठाऊक नाही. पण अण्णांना उचलण्याआधी त्या आलेल्या होत्या. त्या वेळी आमच्या फाटकाला ॲप नव्हते.

संध्याकाळी फोन लावला. मुलाच्या फ्लॅटवर त्यांनी तो जुना नंबर हट्टाने चालू ठेवला आहे, फक्त त्याच्या सुरुवातीला एक-दोन आकडे वाढले आहेत. पुष्कळ वेळ वाजत राहिला, कारण काकूंना आता पलंगापासून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘अगं, तू कामात असशील, मीच आधी विचारायला हवं होतं.’

विचारायला हवे होते! काकूंनी! मला!

मी क्षमा मागू लागले तर त्यांनी विषयच बदलला. पोळ्या खुसखुशीत झाल्या आहेत ना, तूप वरून घे, गूळ यंदा जरा चिकट निघाला, वगैरे. मग एकदम म्हणाल्या, ‘तुझा मजला तिसराच ना? मी मोजत होते, पण तो पोरगा म्हणाला, आजी, इकडे बघा, फोटो काढायचाय.’

पोळ्या खरोखरच खुसखुशीत झाल्या आहेत. घरी खाल्लेली ही यंदाची पहिली गुळाची पोळी आहे, कारण मी यंदा त्या विकत आणल्या होत्या आणि त्या अजून तशाच पाकिटात आहेत. डबा स्टीलचा आहे आणि झाकणावर काकांचे नाव कोरलेले आहे. उद्या सकाळी तो परत द्यायला पंचवटीत जाणार आहे. फोन करून विचारणार नाही. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, एवढे आईने शिकवलेले आहे, पण त्यात काय भरावे ते रात्रीचे सव्वाअकरा झाले तरी ठरलेले नाही.