जाहिरात-अभिनयाच्या वर्गाविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने आमच्या सोलापुरातील वर्गात जाहिरात-अभिनयाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर आपण एक तारा देऊन लिहिलेत, की पहिल्या महिन्यात एकही संवाद शिकवला नाही, मुलीला नुसती बिस्किटे खायला लावली, तिच्या बोलण्यावरून टोकले आणि शेवटी काम एकही मिळाले नाही. या चारही गोष्टी घडल्या आहेत. पहिल्या तीन का घडल्या हे सांगावे आणि चौथीतला आमचा दोष मान्य करावा, म्हणून हे लिहीत आहे.

दूरचित्रवाणीवरच्या बहुतेक जाहिराती 10, 20 किंवा 30 सेकंदांच्या असतात आणि त्यांत एका कलाकाराच्या वाट्याला अनेकदा दोन-तीन सेकंदांचा, एकही शब्द नसलेला शॉट येतो. खाद्यपदार्थाची जाहिरात असेल, तर पुड्यावरचे नाव बोटांखाली झाकले जाऊ नये, घास गाल फुगणार नाही इतकाच घ्यावा, चावताना ओठ मिटलेले असावेत आणि चव आवडल्याचे आधी डोळ्यांत दिसून मग हसू यावे, अशी अपेक्षा असते. शिवाय तोच शॉट पंधरा-वीस वेळा घेतला तरी हात दर वेळी त्याच वेगाने त्याच उंचीवर यावा लागतो, नाहीतर संकलनात शॉट जुळत नाहीत. (सेटवर म्हणूनच जवळ बादली ठेवतात आणि टेक संपताच घास थुंकून टाकतात. आमच्याकडे मुले तो खाऊन टाकतात, ही तक्रार मात्र रास्त आहे.)

आपली मुलगी स्नेहसंमेलने आणि एकांकिका करून आमच्याकडे आली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा अभिनय तिला उत्तम जमतो, पण कॅमेरा चेहऱ्यापासून चार हातांवर असतो आणि तिथे उंचावलेली एक भुवईसुद्धा पडदा भरून टाकते. तिच्या भुवया शांत व्हायला पाच आठवडे लागले. पहिल्या आणि नवव्या आठवड्याचे तिचे चित्रण आमच्याकडे आहे. आपण येऊन दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहावे.

बोलण्याविषयी आपला राग मला समजतो, कारण ‘काय करलालास’ हे सोलापुरी वळण माझ्याही घरातल्या बोलण्यात आहे. ते वळण पुसण्याचा आमचा हेतू नाही. एखाद्या जाहिरातीला नेमका तोच बाज हवा असतो. परंतु मराठीत दिसणाऱ्या अनेक जाहिराती मुळात हिंदीत चित्रित होऊन नंतर डब केल्या जातात, तेव्हा कलाकाराचा आवाज राहतोच असे नाही, पण ओठांची हालचाल राहते. म्हणून दोन्ही भाषांत शब्दांचे शेवट न गिळता बोलण्याचा सराव घेतला. तो घेताना आमच्या शिक्षकांनी वर्गासमोर तिची नक्कल केली, हे चुकले.

आता कामाविषयी. आमच्या माहितीपत्रकात ‘तीन महिन्यांत कॅमेऱ्यासमोर’ असे वाक्य होते. आम्हाला वर्गातला कॅमेरा अभिप्रेत होता. वाचणाऱ्याने जाहिरातीचे काम समजावे, हेही तितकेच स्वाभाविक होते. ते वाक्य आम्ही काढले आहे. कलाकाराची निवड दिग्दर्शक, जाहिरात संस्था आणि पैसे देणारी कंपनी मिळून करतात; शिकवणाऱ्याचा तिथे शब्द चालत नाही. ऑडिशन बहुधा अंधेरी-वर्सोव्याकडे असते, निरोप अनेकदा आदल्या संध्याकाळी येतो आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस दर वेळी गाठता येत नाही, म्हणून आम्ही घरून चित्रित करून पाठवण्याची ऑडिशन शिकवतो: नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंनी चेहरा, हात पुढून-मागून आणि मग दिलेला प्रसंग. तिची अशी तीन चित्रणे पाठवली होती. उत्तर आले नाही आणि या व्यवसायात उत्तर न येणे हाच नकार असतो, हे आम्ही आपल्याला वेळेवर सांगितले नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी ‘काम नक्की’ म्हणून फोटोंसाठी मोठी रक्कम मागितल्याचे आपण लिहिले आहे. कृपया ती देऊ नये. खऱ्या ऑडिशनला कलाकाराकडून पैसे घेत नाहीत.

गड्ड्याच्या यात्रेमुळे बुडालेले दोन तास आम्ही भरून दिले नव्हते. ते आणि एक नवे चित्रण विनाशुल्क करून देऊ. कोणत्याही रविवारी सकाळी मुलीला पाठवावे, फक्त कुर्ता एकरंगी असावा. मागच्या वेळचे बारीक पट्टे पडद्यावर लहरताना दिसतात आणि ते आम्ही तेव्हाच पाहायला हवे होते.