परवाना मंडळीला नव्हे, पाळकाला मिळतो

पाळकसाहेब, सलाम.

स्वतंत्र मंडळ्यांमध्ये, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या ख्रिस्ती उपासक-समूहांमध्ये, लागणाऱ्या लग्नांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी कडक प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश असा: तुमच्या मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, पॅन आहे, हिशेब दरवर्षी तपासून जातात, म्हणजे सरकारने मान्यता दिलेलीच आहे. राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते. बौद्ध आणि सत्यशोधक विवाह लावणाऱ्याला कोणी परवाना विचारत नाही, मग तो ख्रिस्ती पाळकालाच का? आणि परवाना नसलेल्या पाळकाने लावलेला ‘विवाह शून्य (कायद्याने न झाल्यासारखाच) ठरू शकतो’ असं लिहून मी लहान मंडळ्यांना घाबरवतो आणि मोठ्या चर्चच्या दारात नेऊन उभं करतो.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो खरा असता तर बाकी लिहिण्यात अर्थ नव्हता. कोणत्याही मोठ्या चर्चमध्ये सामील व्हायची तुम्हाला गरज नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात (त्या वर्षीचा १५ क्रमांकाचा कायदा) मान्यताप्राप्त संप्रदायांची यादी नाही. चर्च ऑफ इंग्लंड, चर्च ऑफ स्कॉटलंड आणि रोमन चर्च या तिघांचा नावाने उल्लेख आहे, तो इंग्रजी अमदानीचा वारसा. बाकी सगळ्यांसाठी कायदा संप्रदाय बघत नाही, माणूस बघतो. ‘आमच्या मंडळीला मान्यता मिळवून द्या’ असा अर्ज घेऊन फिरणारे लोक वर्षानुवर्षं फिरतात ते याचमुळे. जी गोष्ट कायद्यात नाहीच, ती कुठला अधिकारी देणार?

आता ट्रस्टचं. १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा मालमत्ता, विश्वस्त आणि हिशेब यांच्यासाठी आहे. त्या नोंदणीने तुमची मंडळी जमीन घेऊ शकते, बँकेत खातं काढू शकते, न्यायालयात उभी राहू शकते. लग्न लावायचा अधिकार त्यातून येत नाही. एखाद्या हिंदू देवस्थानाचा ट्रस्टही नोंदलेला असतो, पण तिथल्या लग्नाची वैधता ट्रस्टवर नाही, विधीवर ठरते.

ख्रिस्ती विवाहाचं सगळं कलम ४ आणि ५ वर उभं आहे. वधू-वरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी विवाह कलम ५ मधल्या व्यक्तीनेच लावला पाहिजे, नाहीतर तो शून्य, असं कलम ४ सांगतं. कलम ५ मध्ये पाच वाटा आहेत: बिशपच्या हातून रीतसर दीक्षा मिळालेली व्यक्ती, चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मसेवक, या कायद्याखाली परवाना मिळालेला धर्मसेवक, स्वतः विवाह निबंधक किंवा त्याची हजेरी, आणि भारतीय ख्रिस्ती लोकांना विवाहाचे दाखले देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. कॅथलिक फादर पहिल्या वाटेने येतात, म्हणून त्यांना परवाना लागत नाही. तुमच्यासारख्या स्वतंत्र मंडळीची वाट तिसरी. काही मंडळ्या आपल्याच वडीलधाऱ्या पाळकाला ‘बिशप’ म्हणायला लागतात आणि पहिल्या वाटेने निघतात. माझ्या मते हा भलताच धोका आहे. वाद न्यायालयात गेला की ‘त्यांना बिशप कोणी केलं’ हाच पहिला प्रश्न येईल.

भीती घालतो म्हणता, तर ती कोणासाठी आहे ते बघा. लग्न सुरळीत चाललेलं असताना परवाना कोणी विचारत नाही. तो विषय निघतो नवऱ्याला पोटगी टाळायची असते तेव्हा, दीर वहिनीला वाटा देत नाही तेव्हा, परदेशी व्हिसासाठी दाखला तपासायला जातो तेव्हा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मुलंबाळं असलेल्या ख्रिस्ती विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत एक तृतीयांश हिस्सा मिळतो, पण त्यासाठी आधी ती कायद्याने विधवा ठरावी लागते. पाळकाच्या चुकीची किंमत मंडळीतली बाई मोजते. पाळकालाही सूट नाही. अधिकार नसताना, निबंधकाच्या गैरहजेरीत जाणूनबुजून विवाह लावला तर कलम ६८ खाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बौद्ध आणि सत्यशोधक विवाहांशी केलेली तुलना रास्त आहे, पण चित्र तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे आणि त्यात लग्न कोण लावतो याला काही महत्त्व नाही. कलम ७ विधी बघतं: दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे. पहिला सत्यशोधक विवाह डिसेंबर १८७३ मध्ये पुण्यात लागला, ब्राह्मण पुरोहिताशिवाय. परवान्याचा प्रश्न तिथं नव्हता, पण रूढीचा होता आणि आहे, कारण कायद्याच्या व्याख्येत रूढी दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली असावी लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर रुळलेल्या विधीलाही कोणी आव्हान दिलं तर हीच कसोटी लागते. तामिळनाडूने ही अडचण १९६७ मध्ये कलम ७-अ घालून सोडवली, तिथं पुरोहिताशिवाय लागणाऱ्या ‘स्वाभिमान’ विवाहांना थेट मान्यता आहे. महाराष्ट्रात तसं कलम नाही. आणि नोंदणी केली की झालं, असंही नाही. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह वैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणजे त्यांच्याकडे माणसाची अट नाही पण विधीची आहे, तुमच्याकडे विधी बराचसा मोकळा पण माणसाची अट आहे.

संप्रदाय म्हणून मान्यता मागायला गेलेल्यांचं काय झालं याचं जुनं उदाहरण बंगालमधल्या ब्राह्मो समाज या धर्मसुधारक पंथाचं. त्यातले एक पुढारी केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना स्वतःच्या विवाहपद्धतीसाठी कायदा हवा होता. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने त्यांना दिलं काय, तर नागरी विवाह, आणि तोही ‘मी हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी वगैरे कोणताच धर्म मानत नाही’ असं जाहीर करण्याच्या अटीवर. ब्राह्मोंमधल्याच एका गटाला ते पटलं नाही, आणि का पटावं? राहिलं धर्मस्वातंत्र्य. अनुच्छेद २५ तुमची उपासना राखतं. नवरा-बायको हा कायदेशीर दर्जा कसा मिळतो, हे ठरवायची मुभा विधिमंडळाकडे राहते. हा कायदा दीडशे वर्षांचा आणि जुनाट आहे, तो बदलला पाहिजे, हे मलाही मान्य. पण तो बदलेपर्यंत तुमच्या मंडळीतली लग्नं थांबणार नाहीत.

तेव्हा अर्जाकडे वळू. परवाना राज्य शासन कलम ६ खाली देतं, राजपत्रात अधिसूचना काढून, आणि रद्दही तसाच करतं. अधिसूचना निघेपर्यंत हातात कितीही शिफारसपत्रं असली तरी तुम्ही परवानाधारक नाही. अर्ज मंडळीच्या विश्वस्तांच्या ठरावासह जावा, पण पाळकाच्या पूर्ण नावाने, आणि ते नाव आधार, दीक्षेचं प्रमाणपत्र, ठराव सगळीकडे अक्षरशः तेच असावं. एकीकडे ‘सॅम्युएल’, दुसरीकडे ‘शमुवेल’ असं असेल तर आधी प्रतिज्ञापत्र करून घ्या. सोबत जोडा: दीक्षा कोणी, कधी, कुठे दिली त्याचा दाखला, ईश्वरविद्येचं शिक्षण झालं असेल तर त्याची पदवी, उपासनेच्या जागेचा पुरावा, सभासदांची संख्या, नेहमीच्या उपासनेच्या वेळा, तुमच्या विवाहविधीचा मजकूर, आणि चारित्र्य पडताळणी.

अर्ज अडकण्याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण मात्र ट्रस्टमध्येच असतं. ठरावावर सही करणारे अध्यक्ष शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, नसतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेलाच नसतो, किंवा दिलेला असतो पण जुन्या-नव्या गटाच्या भांडणात लोंबकळत असतो. मग दोन गट दोन वेगवेगळ्या पाळकांची नावं पाठवतात आणि फाईल मिटते. त्यामुळे अर्जाच्या आधी शेड्यूल वनचा ताजा उतारा काढा आणि त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सह्या घ्या.

ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या कलम ६ आणि कलम ९ यांत गल्लत करू नका. कलम ९ चा परवाना कुठल्याही ख्रिस्ती व्यक्तीला, नावाने किंवा पदाने, मिळू शकतो आणि म्हणून तो आकर्षक वाटतो. पण त्यावर फक्त दोन्ही बाजू भारतीय ख्रिस्ती असलेलेच विवाह होतात. मुलगी मंडळीतली आणि मुलगा हिंदू, हे आता नेहमीचं आहे. तिथं कलम ९ कामाचं नाही.

परवाना येईपर्यंत काय? चौथी वाट वापरा. कलम ५१ प्रमाणे विवाह निबंधकासमोर, त्याच्याशिवाय किमान दोन साक्षीदार ठेवून, वधू-वरांना हव्या त्या विधीने विवाह लावता येतो. प्रार्थना, वचन, आशीर्वाद सगळं तुम्हीच करा. फक्त आधी निबंधकाला नोटीस देऊन त्याचा दाखला घेतलेला हवा, आणि कायद्याने ठरवून दिलेली घोषणा त्याच्या देखत झाली पाहिजे. इथं एक खाचखळगा आहे. वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंदणी करणारा निबंधक १९९८ च्या राज्य कायद्याखालचा असतो. ख्रिस्ती विवाह निबंधकाची नेमणूक वेगळी असते, कलम ७ प्रमाणे तो ख्रिस्तीच असावा लागतो. ‘तुमची नेमणूक १८७२ च्या कायद्याखाली आहे का’ हे सरळ विचारा.

परवाना मिळाल्यावरचं काम तुलनेने सोपं आहे. लेखी नोटीस घ्या: नाव, व्यवसाय, पत्ता, तिथं किती काळ राहतात, विवाह चर्चमध्ये की घरी. चर्चमध्ये असेल तर नोटीस ठळक जागी लावा, खाजगी घरी असेल तर निबंधकाकडे पाठवा. चार दिवस झाल्याशिवाय दाखला देऊ नका, आणि त्याआधी दोघांपैकी एकाकडून अडथळा नसल्याची घोषणा तुमच्या समोर घ्या. दाखल्यापासून दोन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. विवाह सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, तुमच्याशिवाय दोन साक्षीदारांसमोर. पाळक हमखास विसरतात ते वय: या कायद्यात २१ पूर्ण न झालेली व्यक्ती, विधवा किंवा विधुर नसेल तर, अज्ञान (अल्पवयीन) धरली जाते. म्हणजे मुलगी १९ वर्षांची असेल तर लग्नाचं वय झालेलं असूनही वडिलांची संमती घ्यायची, आणि नोटिशीची प्रत २४ तासांत निबंधकाला पाठवायची.

यातलं काही चुकलं तर? कलम ७७ इथं उदार आहे. पत्ता, संमती, नोटीस, दाखला, वेळ, जागा, नोंद यांतल्या चुकीमुळे विवाह शून्य होत नाही, फक्त तो कलम ४ आणि ५ प्रमाणे लागलेला असला पाहिजे. पाळकावर कारवाई होऊ शकते, जोडपं मात्र सुरक्षित राहतं. परवान्याची उणीव या यादीत नाही, म्हणून मी त्यावर इतका अडून बसतो.

नोंदवहीबद्दल मात्र सैल राहू नका. भारतीय ख्रिस्ती विवाहांसाठी कलम ३७ वेगळी वही ठेवायला सांगतं. ती भरेपर्यंत पाळकाने सांभाळायची, जिल्हा सोडला तर मागून येणाऱ्याकडे सोपवायची, भरली की जन्म-मृत्यू-विवाह महानिबंधकांकडे पाठवायची. पाळकाची बदली होते, वही त्यांच्या ट्रंकेत जाते, आणि वीस वर्षांनी दाखल्याची नक्कल मागायला आलेल्याला मंडळी हात हलवत परत पाठवते. वही सोपवताना दोन विश्वस्तांच्या सहीने पोचपावती करा.

तुम्ही विचारलेला सावंतवाडीचा मुद्दा, म्हणजे तिथून सीमेपलीकडे गोव्यात लग्न लावता येईल का: महाराष्ट्राचा परवाना महाराष्ट्रातच चालतो. शिवाय गोव्यात १८७२ चा हा कायदा लागूच नाही. तिथं पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणीची पद्धत आहे, आणि तिथल्या समारंभात तुम्ही आशीर्वाद द्यावा, त्यापुढे जाऊ नये.

शेवटी, आतापर्यंत परवान्याशिवाय लागलेली लग्नं. त्यांना आज मागच्या तारखेचे दाखले देऊ नका, तो वेगळाच गुन्हा होईल. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कलम १५ आहे. विधी झालेला असावा, तेव्हापासून दोघं नवरा-बायको म्हणून राहत असावेत, दोघांची २१ वर्षं पूर्ण असावीत, निषिद्ध नातं नसावं, दोघांपैकी कोणालाही दुसरा जोडीदार नसावा, आणि अर्जाआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावं. ३० दिवसांची जाहीर नोटीस लागते, नंतर तीन साक्षीदारांच्या सह्या. विवाह नोंदीच्या तारखेपासून धरला जातो, पण विधीनंतर जन्मलेल्या मुलांची नावं प्रमाणपत्राच्या वहीत घातली की ती पहिल्यापासून औरस मानली जातात. ही नावं घालायला लोक विसरतात. अर्ज भरताना मुलांचे जन्मदाखले सोबतच न्यायला सांगा.