आत्याच्या मेसेजमधलं बारा हजार वर्षांचं खापर

आत्यानं मेसेज पाठवला: क्ष-किरणांची 'गन' खापरावर धरली की ते कुठे घडलं आणि किती हजार वर्षांपूर्वी, हे दहा सेकंदांत कळतं. असंच एक खापर म्हणे बारा हजार वर्षांचं निघालं. तेव्हा जुन्या टेकाडांवरची खापरं गोळा करा, तपासून घ्या!

वयाची तर निव्वळ थाप आहे. क्ष-किरण पडले की खापरातलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं. त्यावरून यंत्र लोह, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम किती ते सांगतं. बस. एकाच खाणीतल्या मातीचा कालचा माठ आणि हजार वर्षांपूर्वीचा माठ, दोघांचे आकडे जवळपास सारखेच येतील. वयासाठी तापदीप्तीची (खापर तापवून त्यातून निघणारा मंद प्रकाश मोजायची) पद्धत वेगळी, नाहीतर त्याच थरातल्या कोळशाची कार्बन-14 तपासणी. आणि घोडं इथेच पेंड खातं: खापर उचलून पिशवीत टाकलं की ते कुठल्या थरातलं, ही माहिती कायमची गेली. आत्या, तू स्वतः उचलणार नाहीस गं, पण पुढे ढकललंस ना!

'कुठे घडलं' हे मात्र अर्धं खरं, नाइलाजानं मान्य करतो. पण यंत्र गावाचं नाव छापून देत नाही; ओळखीच्या मातीशी तुलना करावी लागते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला 1945 साली उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरना वाटलं, बारीक खाचांची वर्तुळं असलेली तिथली उत्तम 'रूलेटेड' भांडी भूमध्य समुद्राकडून आली. पुढे डेक्कन कॉलेजच्या वि. द. गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनानं (ही पद्धत खनिजं ओळखते, मूलद्रव्यं नव्हे) भारतातली आणि आग्नेय आशियातली अशी खापरं मातीशी ताडून पाहिली. 1997 च्या त्यांच्या लेखात उगम निघाला बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागात. बंदूक रोखून दहा सेकंदांत झालेलं काम नव्हे हे.

हातात धरायचं यंत्र असतं, खापर फोडावंही लागत नाही, कबूल. पण ते वरवरचंच वाचतं. वरचा लेप, जमिनीत मुरलेले क्षार, कुंभारानं कालवलेली वाळू, सगळं आकड्यांत मिसळतं.

आत्या, ज्यानं तुला हे पाठवलं त्याला एवढंच विचार: तुलनेला माती कुठली घेतली होती?