औलीच्या काकांना उत्तर

काका, (वय 68 असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते. आवडलं नाही तर सांगा.)

कोलोरॅडोतल्या अरापाहो बेसिनला ऑक्टोबरअखेर स्की करून आल्यावर मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं, डोंगर सगळा तपकिरी, मधोमध मशीनच्या बर्फाचा एक पट्टा, त्यावर झुंबड, आणि त्याचं एवढं कौतुक! पाण्याची नासाडी आणि हाडं मोडून घ्यायची हौस. 'आम्ही उत्तराखंडात औलीला खरा बर्फ पडेपर्यंत थांबलो, पडल्यावर तो चार-चार दिवस पायांनी तुडवला, मग त्यावर शिकलो. तुम्हा लोकांना थांबता येत नाही.' दोन ओळींत आभार मानून मोकळी होणार होते, पण तुमचं ते तुडवणं डोक्यातून जाईना.

आधी जे कबूल करायचं ते करते. गर्दीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. इथले लोक या पट्ट्याला 'व्हाइट रिबन ऑफ डेथ' म्हणतात ते उगाच नाही. काही ठिकाणी दोन एसट्या आडव्या लावल्या तर वाट बंद होईल एवढीच रुंदी, आणि त्यात पहिल्यांदा उभा राहिलेला पोरगा आणि रेसचा सराव करणारी मुलगी एकाच उतारावर. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पट्ट्यावर (कुठल्या डोंगरावर ते राहू दे) मागून एक स्नोबोर्डवाला येऊन आदळला आणि माझा अंगठा सहा आठवडे पट्टीत होता. लेखात ही गोष्ट मी गाळली. सुंदर फोटोंच्या मध्ये ती बसत नव्हती, दुसरं कारण नाही. आता मी सकाळी पहिल्या लिफ्टला जाते आणि दहा वाजता घरचा रस्ता धरते. स्कीसुद्धा जुनी जोडी, खाली दगड लागला तरी जीव हळहळणार नाही अशी. पावसाळी चपला असतात ना, तशी.

आता 'खरा बर्फ'. इथे माझं-तुमचं जमत नाही.

तुम्हाला वाटतं ऑक्टोबरात पडलेला नैसर्गिक बर्फ म्हणजे शुभशकुन. कोलोरॅडोत तो बऱ्याचदा उलटा निघतो. झाडांच्या रेषेच्या वर, उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर वीत-दोन वीत बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे आभाळ निरभ्र. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास, वरची हवा रात्री उणे पंधरा. या दोन्हींत अंतर जेमतेम फूटभर. त्यामुळे खालची वाफ सतत वर जात राहते आणि बर्फाचे कण एकमेकांचा हात सोडून कोरडे, कोनदार, सुटे होतात. मुठीत घेतला तर लाडू वळत नाही, दाणेदार साखरेसारखा बोटांतून गळतो. नावही तेच, शुगर स्नो. डिसेंबरात त्यावर तीन-चार फूट जड बर्फ बसला की काय होईल? ज्वारीच्या दाण्यांवर पाट ठेवून त्यावर बसून बघा. इथले हिमप्रपात अभ्यासणारे लोक ऑक्टोबरच्या बर्फाकडे कपाळाला आठ्या घालून बघतात ते यासाठीच. तो वितळून गेला असता तर बरं, असं म्हणणारे मी ऐकलेत. म्हणजे पट्टा सोडून शेजारच्या मोकळ्या डोंगरावर 'खऱ्या' बर्फात जाणारा माणूस माझ्यापेक्षा शहाणा असेलच असं नाही. शिवाय बर्फाखाली लपलेले दगड आणि ओंडके वेगळेच.

मशीनचा बर्फ मात्र तुम्ही म्हणता तसा 'फ्रिजमधला' नाही. दाबाखालच्या हवेबरोबर पाण्याचा तुषार उडवायचा आणि तो जमिनीवर पडेपर्यंत गोठायला हवा, एवढंच तंत्र. त्यासाठी थंडीइतकीच हवा कोरडी लागते. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेच कारण. इथली हवा इतकी सुकी की पारा शून्याच्या किंचित वर असतानाही तुषार उडवणाऱ्या गन चालू करता येतात. तयार होतो तो बर्फ मऊ नसतो, हे मान्य. गोळेवाल्याच्या किसणीखाली पडतो तसा, बारीक, गच्च. म्हणूनच टिकतो, आणि पुढे आभाळातून येणारा बर्फ त्याला धरून बसतो.

पाणी. तुमच्यासाठी हिशेब करून बघितला. एका एकरावर एक फूट मशीनचा बर्फ म्हणजे साधारण साडेपाच लाख लिटर, दहा हजार लिटरचे 55 टँकर. आकडा बघून मीही गप्प झाले. माझं आजोळ बीडचं आहे. पण टँकरचं पाणी संपतं, हे साधारण 80 टक्के उन्हाळ्यात वितळून त्याच खोऱ्यात परत येतं. स्नेक नदीतून डिलन धरणात, तिथून डोंगरापोटातल्या 23 मैलांच्या बोगद्यातून डेन्व्हरला, माझ्या नळाला. तुम्ही मांडायला हवा होता तो मुद्दा दुसराच आहे: हे पाणी उचललं जातं तेव्हा नदी वर्षातल्या सर्वांत कमी प्रवाहाच्या दिवसांकडे चाललेली असते. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मशीनला लागणाऱ्या विजेवरही नाही.



आणि थांबण्याचं म्हणाल, तर औलीतसुद्धा गन आल्याच. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या निमित्ताने तिथे त्यांची सोय झाली. गुलमर्गला 2025 च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले, मार्चमध्ये झाले. फेब्रुवारीत, काका! तुम्ही ज्याची वाट बघत होतात तो तेव्हा येत तरी होता.

आता ते तुडवणं. इथल्याच ॲस्पन हायलँड्सला हायलँड बोल नावाचा एक प्रचंड उभा उतार आहे. तिथे दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला माणसांच्या रांगा बुटांनी वर-खाली बर्फ तुडवतात, का तर तो साखरेचा थर मोडावा, दाबून एकजीव व्हावा, म्हणजे वरचा बर्फ घसरणार नाही. ठरलेले दिवस तुडवलं की बदल्यात पूर्ण हंगामाचा पास मिळतो. तुमच्याकडून औलीच्या प्रशिक्षकांनी हेच काम करून घेतलं, आणि वर फीसुद्धा घेतली असणार.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही आडवं, स्कीच्या कडांनी तुडवत होतात की नुसत्या बुटांनी? सविस्तर लिहा.