खुलासा : सकाळी डाइव्ह, दुपारी विमान? नको!

अंदमानला स्कूबा डाइव्हसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला, निघालेल्या बडोदेकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘स्कूबाच्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो, म्हणून डाइव्हनंतर लगेच विमान चालतं.’ दोन्ही गोष्टी चूक. टाकीत गाळलेली साधी हवाच दाबून भरतात. ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. १० मीटर खाली, प्रवाळातला क्लाउनफिश न्याहाळताना, दाब दुप्पट होतो आणि हा नायट्रोजन रक्तात विरघळत राहतो. विमानात दाब उतरला की त्याचे बुडबुडे होतात: सांधे ठणकतात, मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबा. आम्ही तर म्हणू, शेवटचा अख्खा दिवस किनाऱ्यावरच काढा. आणि सर्दी असेल तर उतरूच नका. पाण्याच्या दाबाने कानांना दडे बसतात आणि सर्दीत नाक दाबून कितीही फुंकलं तरी ते मोकळे होत नाहीत.