‘ऑफिस आता खिशात’ : एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘ऑफिस आता खिशात’ या मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या आमच्याकडच्या बहुतेक ग्रुपवर फिरतोय. शाळेच्या बॅचचा ग्रुप झाला, सोसायटीचा झाला, परवा आडत व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरही आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण खाली अंगठ्यांची रांग. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब आता चालणार नाही. वेळेचं बंधन गेलं, काम झालं की माणूस मोकळा. ॲपवरची हजेरी खोटं बोलत नाही. गावात बसून पुण्या-मुंबईची नोकरी करता येते. कागद संपला. आणि एआय आल्यामुळे कारकून घरी जाणार.

मी लातुरात एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते. जीएसटी, आयकर, हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर, म्हणजे दिवसभर स्क्रीनच. कॉम्प्युटरशी माझं भांडण नाही. भांडण या फॉरवर्डशी आहे, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात कुणाची तरी जबाबदारी गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेली आहे.

‘ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं.’ हे वाक्य वरच्या माणसाला सोयीचं आहे, म्हणूनच ते इतकं पसरतं. समर्थनासाठी २०१८ चा मुंबई उच्च न्यायालयाचा दाखला दिला जातो. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली होती, निळ्या खुणा आल्या होत्या, फाइल उघडलेली दिसत होती, म्हणून नोटीस बजावली गेली असं न्यायालयाने मानलं. हे खरं आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच द्या. कारण तिथे माणसाच्या अटकेचा प्रश्न असतो. म्हणजे एकच निळी खूण एका ठिकाणी पुरते आणि दुसऱ्या ठिकाणी पुरत नाही. समोरच्याचं किती नुकसान होऊ शकतं, यावर ते ठरतं. फॉरवर्डला एवढा विचार परवडत नाही.

न कळण्याचं नुकसान किती होतं ते आमच्या टेबलावर बसून बघावं. जीएसटीच्या कायद्यात कलम १६९ प्रमाणे पोर्टलवर नोटीस चढवली की ती बजावली गेली असं धरता येतं. आता पोर्टलवर नोटिसांची एक नेहमीची जागा आहे आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ नावाची दुसरी. बऱ्याच नोटिसा या दुसऱ्या जागी जाऊन पडल्या. तालुक्याच्या गावातला किराणा व्यापारी रोज सकाळी उठून पोर्टल उघडत नाही. तो शटर उघडतो. नोटिशीला उत्तर जात नाही, मग आदेश निघतो, अपिलाचे ३ महिने निघून जातात, कारण दाखवून मिळणारा आणखी १ महिनाही जातो. त्यानंतर बँकेतलं खातं गोठल्याचा मेसेज येतो तेव्हा माणूस आमच्याकडे येतो आणि म्हणतो, “मॅडम, मला कागद आलाच नाही की ओ.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं असतं. पूर्वी पोस्टमन पोचपावतीवर सही घ्यायचा. सही नसेल तर कळवलं की नाही हे पाठवणाऱ्याला सिद्ध करावं लागायचं. आता बघितलं का नाही, याचा जाब नोटीस मिळणाऱ्याला द्यावा लागतो. मद्रास उच्च न्यायालयाने अशा बऱ्याच प्रकरणांत आदेश रद्द करून व्यापाऱ्याला पुन्हा म्हणणं मांडायची संधी दिली. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च करणारे किराणा दुकानदार असतात तरी किती?

ऑफिसातही हेच घडतं, फक्त रक्कम छोटी असते. रविवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘उद्या सगळ्यांनी आठला या’ असं पडतं. ज्याचा नेटपॅक संपलाय तो नेहमीच्या वेळेला येतो आणि सगळ्यांदेखत बोलणी खातो.

‘वेळेचं बंधन गेलं, काम झालं की मोकळे.’ ऐकायला झकास. पण माझं काम कधी होतं, हे माझ्या हातात असतं तर ना! दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-३बी, म्हणजे त्या महिन्याच्या कराचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जायला हवं. आकडे आम्ही चार दिवस आधी तयार ठेवतो. व्यापारी मात्र पैशाची जुळवाजुळव २० च्या दुपारपर्यंत करत असतो, त्याच दिवशी सगळ्या देशाचा लोंढा पोर्टलवर आलेला असतो, ते गोल गोल फिरत राहतं. संध्याकाळी सातला चलन भरलं जातं आणि मग सहीच्या जागी ओटीपी लागतो. तो जातो नोंदणी करताना दिलेल्या मोबाइलवर. तो नंबर असतो थोरल्या मुलाचा, आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये. बाप इथून फोन लावतो, मुलगा कुजबुजत विचारतो, “पप्पा, कशाचा ओटीपी?” तोवर त्याची मुदत संपते. पुन्हा मागवायचा. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, रिटर्न निरंक, म्हणजे भरायचा कर शून्य असेल तर २०. व्यापारी ते ५० रुपये विसरत नाही, आणि आमचे सात ते दहा हे तीन तास कुणाच्या वहीत चढत नाहीत.

बंधन गेलं म्हणणाऱ्यांनी कायदाही वाचलेला नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात (२०१७) मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा तासांना दुप्पट दर असं लिहिलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. म्हणजे मर्यादा सरकवली, काढून टाकली नाही. खरी मेख वेगळीच आहे. हा कायदा मुळात १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि त्याच निर्णयात तो आकडा २० वर नेला. लातूरच्या बाजारपेठेतली, गंजगोलाईच्या आसपासची ऑफिसं मोजा : करसल्लागार, विमा एजंट, वकील, बी-बियाण्यांचे वितरक. बहुतेक ठिकाणी चार-पाच टेबलं. म्हणजे फोन सगळ्यांच्या खिशात आणि तासांचं संरक्षण मोजक्यांना. फॉरवर्डमध्ये थोडंफार खरं असेल तर ते एवढंच, आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

बाहेर लोकांनी यावर काहीतरी केलंय. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल बाजूला ठेवायचा हक्क फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून दिला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

‘ॲपवरची हजेरी खोटं बोलत नाही.’ रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा, तोही ठिकाणाच्या खुणेसकट. रोहयो ही महाराष्ट्राचीच देणगी, मराठवाड्याने तिच्यावर कित्येक दुष्काळ काढले, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढावं लागलं, की भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, फोटोतली डोकी आणि हजेरीतली डोकी जुळत नाहीत. उलट ज्याने दिवसभर खड्डा खणला पण रेंज नव्हती म्हणून फोटोच चढला नाही, त्याची मजुरी अडकते. साहेबांच्या जगातही फार वेगळं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास निर्माण करत होते. बटणं मोजायला लागलात की लोक बटणंच दाबतात.

आणि एक गोष्ट राहूनच जाते. फोन माझा, रिचार्ज माझा, बॅटरी माझी, आणि हजेरी मात्र कंपनीची! पूर्वी मस्टर तरी मालकाच्या पैशाने यायचं.

गावात बसून पुण्याच्या नोकरीबद्दल फार लिहायची गरज नाही. २०२० मध्ये गच्चीवर, शेतात, रेंज मिळेल तिथे लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं, ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून. रविवारी रात्री लातूर-नांदेडहून पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये जागा मिळते का ते बघा. हो, काही जण इथे बसून मुंबईच्या फर्मची खाती लिहितात आणि चांगले कमावतात, मी अशांना ओळखते. पण ती परवानगी तंत्रज्ञान देत नाही, मालक देतो, आणि एका ईमेलने परत घेतो. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणीही गावाकडे घर बांधायला काढू नये.

‘कागद संपला.’ हे मराठवाड्यात बसून बोलायला धाडसच पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि आठही जिल्ह्यांत निजामकाळातल्या नोंदींची दप्तरं सुटली. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. लाखो नोंदी तपासल्या गेल्या, त्यात मोडी आणि उर्दूही होती. स्कॅनर कुठेही मिळाला असता, मोडी वाचणारा मिळेना. आधी जाणत्याने वाचलं, मग ते पान स्कॅन होऊन वेबसाइटवर चढलं. आरक्षणाच्या वादात कुणाचं काय मत असेल ते असो. पण वाळवी, पाणी आणि बदल्या या सगळ्यांतून ते कागद टिकले म्हणून शोधायला काहीतरी होतं.

कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चा आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला तेव्हापासून मान्यता आहे. तरी मृत्युपत्र आजही त्यात बसत नाही. कोर्टात चॅटचा किंवा ईमेलचा पुरावा द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला की वकील हसतात. आणि सातबारा? डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, तो कायदेशीर आहे. तरी टेबलापलीकडचा माणूस “तलाठ्याचा शिक्का आणा” म्हणायचाच. शेवटी शिक्क्याची गरज नाही हे सांगायला डिसेंबर २०२५ मध्ये शासनाला वेगळा आदेश काढावा लागला. यंत्र कधीच तयार होतं, टेबलापलीकडचा माणूस तयार नव्हता.

आता एआय आणि कारकून. आमच्याकडे बिलाच्या पीडीएफवरून टॅलीत नोंदी करणारं सॉफ्टवेअर आलं, ते भराभर काम करतं, मला आवडतं. पण जालन्याच्या सळईवाल्याने बिलावर जीएसटी नंबरचा एक आकडा चुकवला तर सॉफ्टवेअर तोच चुकीचा आकडा मन लावून उतरवतं. चूक कळते ती २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी जुळवताना, त्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दिसत नाही म्हणून. मग कुणीतरी जालन्याला फोन करायचा, त्याच्या अकाउंटंटची समजूत काढायची, दुरुस्ती कधी करतोय याचा पाठपुरावा करायचा, आणि तोवर आमच्या व्यापाऱ्याला शांत ठेवायचं. हे करणाऱ्याला फॉरवर्ड ‘कारकून’ म्हणतो.

वरच्या पायरीवरचं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. आयकराची चेहराविरहित तपासणी ऑगस्ट २०२० पासून सुरू झाली. लातूरच्या माणसाला साहेबांपुढे जाऊन बसावं लागत नाही, ही फार मोठी सोय झाली, आणि मी ती मनापासून मानते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये याच व्यवस्थेतला एक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाला अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. त्याआधी आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूरू खंडपीठाला स्वतःचाच एक आदेश अशाच कारणाने मागे घ्यावा लागला होता. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. ‘बॉटने सांगितलं, त्याची जबाबदारी आमची नाही’ अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला, आणि २०२४ मध्ये तो फेटाळला जाऊन तिला भरपाई द्यावी लागली. तिन्ही ठिकाणी शेवटी माणसालाच किंवा कंपनीलाच उत्तर द्यावं लागलं.

कारकून घरी जाणार या भाकितातली खरी काळजी वेगळी आहे, आणि फॉरवर्डने तिला हातही लावलेला नाही. बी.कॉम. होऊन आलेली मुलं पूर्वी वर्ष-दीड वर्ष नुसती बिलं टॅलीत घालायची. कंटाळवाणं काम, पण त्यातून कोणत्या मालाला किती दर, कुठला व्यापारी गडबड करतो, कुठलं बिल बघताक्षणी खोटं वाटतं, हे अंगात मुरायचं. ती पायरी आता सॉफ्टवेअरने खाल्ली. आमच्याकडे म्हणून नव्या मुलांना पहिले काही महिने एका व्यापाऱ्याची सगळी बिलं हातानेच घालायला लावतात. मुलं कुरकुरतात, यूट्यूबवर तर हे दोन मिनिटांत होतं म्हणतात. साहेबांचं म्हणणं, शिकताय म्हणून पगार शिकाऊचाच. यात मला मुलांची बाजू जास्त पटते, आणि येत्या मार्चच्या आधी हा विषय ऑफिसात पुन्हा निघणार आहे.